निकोलस बंधूंवरचा माहितीपट कसा पाहावा

फयार्ड आणि हॅरल्ड निकोलस या आफ्रिकन-अमेरिकन टॅप नर्तक (धातूच्या पट्ट्या लावलेल्या बुटांनी ठेका वाजवत नाचणाऱ्या) भावांच्या आयुष्यावरचा ‘वी सिंग अँड वी डान्स’ हा दूरचित्रवाणी माहितीपट १९९२ सालचा आहे. तेव्हा दोघेही भाऊ हयात होते, आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगू शकत होते, आणि ज्या चित्रपटांनी त्यांचे नाव झाले ते चित्रपट पन्नास वर्षांचे झाले होते. टॅपशी परिचय नसलेला प्रेक्षक असा माहितीपट पाहायला बसला की बहुधा एकच गोष्ट घडते. दोघे भाऊ पायऱ्यांवरून उड्या घेत, पाय दोन्हीकडे पूर्ण फाकवून खाली उतरतात, प्रेक्षक थक्क होतो, आणि उरलेला माहितीपट त्या उड्यांची वाट पाहण्यात जातो. या लेखातील सूचना त्या उरलेल्या भागासाठी आहेत. उडी संपल्यावर हे दोघे ज्या सहजतेने पुन्हा ठेक्यावर येतात, त्यात त्यांची खरी कारागिरी आहे, असे माझे मत आहे. आणि त्यांच्या आयुष्याची हकीकतही दोन टाळ्यांच्या मधल्या जागेतच वाचावी लागते.

सुरुवातीला थोडी माहिती गाठीशी असावी, पण फार नको. फयार्ड यांचा जन्म १९१४ साली अलाबामातील मोबील येथे झाला, तर हॅरल्ड यांचा १९२१ साली नॉर्थ कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम येथे. वडील युलिसिस तालवादक आणि आई वायोला पियानोवादक. फिलाडेल्फियातील स्टँडर्ड थिएटरमध्ये त्यांचा वाद्यवृंद असे. थोरला मुलगा तिथे बसून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या नर्तकांना पाहत असे आणि घरी जाऊन त्यांची नक्कल करीत असे. कोणत्याही नृत्यशाळेत न जाता फयार्ड शिकले आणि त्यांनीच धाकट्याला शिकवले. सुरुवातीच्या कार्यक्रमांत बहीण डोरोथीही त्यांच्याबरोबर नाचत असे. १९३२ साली दोघे भाऊ न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये दाखल झाले, तेव्हा हॅरल्ड अकरा वर्षांचे आणि फयार्ड सतरा-अठरा वर्षांचे होते. माहितीपट पाहण्याआधी एवढे पुरे आहे. सन आणि नावे पाठ करून बसल्यास डोळे पडद्याऐवजी त्या यादीकडेच लागून राहतात.

त्यानंतरचे काम पडद्याचे आहे, आणि ते कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. १९३० आणि १९४० च्या दशकांतील हॉलिवूडचे चित्रपट साधारण चारास तीन या प्रमाणाच्या चौकटीत चित्रित झालेले आहेत. आजचा दूरदर्शन संच आडवा आणि रुंद असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्या नकोशा वाटून घरातील कोणीतरी चित्र ‘झूम’ करते, आणि मग चित्र रुंदीला पुरावे म्हणून वरचा आणि खालचा भाग कापला जातो. खालच्या भागात नर्तकांचे पाय असतात. टॅपचा माहितीपट पायांशिवाय पाहण्याचा हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच अधिक घडतो. म्हणून संचाच्या सेटिंगमध्ये मूळ प्रमाण ठेवावे आणि काळ्या पट्ट्या सहन कराव्यात. चित्र ताणून रुंद करण्याचा दुसरा पर्यायही नाकारावा, कारण त्याने पाय दिसतात खरे, पण ही सडपातळ, ताठ शरीरे ठेंगणी आणि स्थूल होतात, आणि त्यांच्या नृत्यातील उंच ओढलेली रेषाच नाहीशी होते.

त्याच यादीत ‘मोशन स्मूदिंग’ किंवा अशाच अर्थाचे नाव असलेली सोय असते. ती बंद करावी. बोलपट सेकंदाला चोवीस चित्रे या वेगाने चित्रित होतो. ही सोय त्या चित्रांच्या मध्ये नवी, यंत्राने कल्पिलेली चित्रे भरते. पाय वेगाने हलत असताना बुटाचे टोक नेमके कधी टेकले, हे मग स्पष्ट दिसत नाही. याच कारणाने महाजालावर फिरणाऱ्या रंगवलेल्या आणि ‘साठ फ्रेम’ केलेल्या तुकड्यांपासून दूर राहावे. त्याहून वाईट प्रकार म्हणजे या भावांच्या नृत्याला आजचे एखादे गाजलेले गाणे जोडून केलेली चित्रफीत. टॅप नर्तक हा वाद्यवृंदातील एक वादक असतो. त्याचे वाजवणे पुसून त्यावर दुसऱ्याचे गाणे चढवणे म्हणजे तबलजीचे हात दाखवून सनई ऐकवण्यासारखे आहे.

आवाजाची व्यवस्थाही नीट असावी. संचाच्या पाठीमागे असलेल्या छोट्या स्पीकरमधून पितळी वाद्यांचा गोंगाट ऐकू येतो, पण टाचेचा खोल आवाज आणि चवड्याचा टणक आवाज यांतील फरक हरवतो. टॅपच्या बुटाला तळाशी चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि नर्तकाची सारी भाषा या दोन नादांतून, त्यांच्या घासण्यातून आणि आपटण्यातून तयार होते. साधे हेडफोन लावले तरी हा फरक कळू लागतो.

आता मुख्य सूचना. माहितीपट सुरू करण्यापूर्वी त्यांचे एक नृत्य अखंड पाहावे. माहितीपटात नृत्ये तुकड्यांनी येतात. निवेदक बोलू लागतो, कोणी मान्यवर त्यांची थोरवी सांगतो, आणि नृत्य ऐन भरात असताना कापले जाते. ज्याने ते अखंड पाहिलेले नाही, त्याला काय कापले गेले हे कळत नाही. त्यासाठी सर्वांत योग्य नृत्य १९४३ सालच्या ‘स्टॉर्मी वेदर’ या चित्रपटाच्या अखेरीस येणारे ‘जंपिन जाइव्ह’ हे आहे. जॅझ गायक कॅब कॅलोवे यांचा वाद्यवृंद वाजतो आहे, दोघे भाऊ काळ्या टेलकोटात आहेत. ते जमिनीवर नाचतात, वादकांच्या मधल्या उंचवट्यांवरून झेपावत जातात, पियानोवर चढतात आणि शेवटी रुंद, उंच पायऱ्यांच्या जिन्याकडे धावतात. जिन्यावरून उतरताना एक जण दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी घेऊन खालच्या पायरीवर स्प्लिटमध्ये, म्हणजे पाय पूर्ण फाकवून, उतरतो, मग मागे राहिलेला त्याच्यावरून उडी घेतो, आणि असे करत ते तळापर्यंत येतात. हॉलिवूडचे प्रख्यात नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांनी या नृत्याची केलेली स्तुती प्रत्येक लेखात छापली जाते. पाहण्यापूर्वी ती विसरलेली बरी, नाहीतर आपण नृत्याऐवजी ते प्रशस्तिपत्र तपासत बसतो.

पहिल्यांदा ते काहीही न शोधता पाहावे आणि थक्क व्हायचे ते होऊन घ्यावे. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त कमरेच्या वर पाहावे. ही सूचना उलटी वाटेल, परंतु निकोलस बंधूंना त्यांच्या काळच्या इतर नर्तकांपासून वेगळे काढणारी गोष्ट इथेच सापडते. त्या वेळी अनेक टॅप नर्तकांचे लक्ष पायांवर असे आणि हात तोल सांभाळण्यापुरते लोंबत राहत. फयार्ड यांचे हात मात्र सतत काहीतरी बोलत असतात. मनगट वळते, बोटे उघडतात, हात एखादी रेषा पूर्ण करून मगच खाली येतो. हे सारे पायांच्या लयीशी जोडलेले असते, तरी पायांचे गुलाम नसते. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ‘झिगफेल्ड फॉलीज ऑफ १९३६’ आणि ‘बेब्ज इन आर्म्स’ या दोन प्रयोगांत त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या बॅले नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बालांशीन यांना ते बॅले शिकलेले आहेत असे वाटले होते, आणि कमरेच्या वर पाहिले की तसे का वाटले असावे ते उमगते.

याच फेरीत धाकट्याचा चेहरा पाहावा. हॅरल्ड अधिक टोकदार आहेत. त्यांच्या हालचाली छोट्या, नेमक्या आणि किंचित खोडकर असतात. फयार्ड नाचताना अनेकदा भावाकडे पाहतात. हॅरल्ड बहुतेक वेळा प्रेक्षकांकडे पाहतात. एकदा हे लक्षात आले की पुढे माहितीपटात दोघे म्हातारे भाऊ शेजारी बसून बोलू लागतात तेव्हा कोण कोणाचे वाक्य पूर्ण करतो, कोण विनोद करतो आणि कोण आठवणी जपतो, याकडे आपोआप लक्ष जाते.

तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकावे. मराठी प्रेक्षकाला इथे कथकचा कान उपयोगी पडतो, परंतु काही फरक आधी समजून घ्यावे लागतात. जॅझच्या चार मात्रांत टाळी पहिल्या मात्रेवर न पडता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. भजनाच्या टाळीची सवय असलेल्या हाताला हे सुरुवातीला जड जाते. चार मात्रांचा एक बार, आणि लोकप्रिय गाण्यांची रचना बहुधा आठ-आठ बारांच्या चार कडव्यांची असते. आठ बार म्हणजे बत्तीस मात्रा, म्हणजे त्रितालाची दोन आवर्तने. टॅपमध्ये ‘टाइम स्टेप’ नावाचा एक मूळ पदन्यास असतो. तो परंपरेने सहा बार चालतो आणि शेवटच्या दोन बारांत ‘ब्रेक’ येतो, जिथे नर्तक ठरलेली लय मोडून काहीतरी नवे वाजवतो आणि पुढच्या कडव्याच्या पहिल्या मात्रेला मोकळा होतो. ब्रेक ऐकताना तिहाईची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण तिहाई तीनदा म्हणून समेवर येते, ब्रेकला असे कोणतेही बंधन नाही. डोळे मिटून हे ब्रेक मोजण्याचा प्रयत्न केला की एक गोष्ट कानाला जाणवते: मोठ्या उड्या आणि स्प्लिट बहुधा कडव्यांच्या सांध्यांवर येतात. म्हणजे ज्या कसरती आपल्याला बेभान वाटतात, त्या संगीताच्या आराखड्यात मोजून बसवलेल्या आहेत.

इथे एक सावधगिरी हवी. त्या काळात हॉलिवूडमध्ये संगीत आधी ध्वनिमुद्रित होत असे, त्यावर नर्तक कॅमेऱ्यासमोर नाचत, आणि टॅपचे आवाज अनेकदा नंतर स्टुडिओत, लाकडी फळीवर, पडद्याकडे पाहत पुन्हा वाजवून भरले जात. त्यामुळे कानावर येणारा प्रत्येक ठोका त्या क्षणी त्याच पायातून निघाला असे समजू नये. यात फसवणूक नाही, ती त्या काळची रीतच होती. पण माहितीपटात एखादा नर्तक रंगमंचावर किंवा दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष नाचताना दिसला की त्याचा आवाज अधिक लक्षपूर्वक ऐकावा, कारण तो खरा असण्याची शक्यता जास्त असते. त्यात चुका, खरखर आणि लाकडाचा पोकळ नाद सापडतो, आणि मला व्यक्तिशः तोच अधिक आवडतो.

जिन्यावरचे ते नृत्य सराव न करता एकाच टेकमध्ये झाले असे फयार्ड पुढे मुलाखतींत सांगत असत. ही गोष्ट चारचौघांत सांगायला छान आहे, तरी तिच्यावर विसंबून नृत्य पाहू नये. पाहताना शोधायचे ते असे: कॅमेरा किती वेळ न कापता चालतो, आणि दोघांची पूर्ण शरीरे, डोक्यापासून बुटापर्यंत, चौकटीत किती काळ राहतात. स्प्लिटमधून उठतानाचा क्षण हातातील रिमोटने थांबवून पुन्हा पाहावा. दोघे भाऊ हात जमिनीला न टेकवता उठतात. पुढचा आणि मागचा पाय एकमेकांकडे खेचले जातात, शरीर सरळ वर येते, आणि वर येता येताच पुढचा ठोका पडलेला असतो. पडणे कोणालाही जमेल. या उठण्यासाठी मांड्यांच्या आतल्या स्नायूंवर किती ताबा लागतो, हे घरच्या फरशीवर पाय थोडे फाकवून उभे राहिल्यास, अगदी सावधपणे, कळू शकते. पूर्ण स्प्लिटचा प्रयोग मात्र करू नये.

एवढी तयारी झाल्यावर माहितीपट लावावा. त्यात डोळ्यांत तेल घालून पाहावा असा भाग म्हणजे निकोलस कुटुंबाने स्वतः काढलेली घरगुती चित्रफीत. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, घरगुती कॅमेरा आणि त्याची फिल्म ही महागडी चैन होती. कृष्णवर्णीय कुटुंबाच्या हाती ती असणे आणखी दुर्मीळ होते. दोन मुलांच्या कमाईने ती या घरात आली. या चित्रफितींत हार्लेमचे रस्ते आहेत, कॉटन क्लबच्या आतले दृश्य आहे, ब्रॉडवेच्या प्रयोगाचे तुकडे आहेत, देशभरचा दौरा आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांची तुकडी आहे. २०११ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या चित्रफिती नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, समाविष्ट केल्या; ‘स्टॉर्मी वेदर’ त्या यादीत दहा वर्षे आधी, २००१ साली आला होता.

या घरगुती दृश्यांना आवाज नसतो. निवेदन सुरू असते म्हणून ते जाणवत नाही. अशा ठिकाणी निवेदकाचे बोलणे एकदा ऐकून झाल्यावर तेच दृश्य आवाज बंद करून पुन्हा पाहावे आणि स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. कॅमेरा कोणाच्या हातात असावा? माणसे कॅमेऱ्याकडे पाहून कशी हसतात? त्यांचे कपडे कसे आहेत? हॉलिवूडच्या त्या काळच्या चित्रपटांत कृष्णवर्णीय माणूस बहुतेक नोकर, हमाल किंवा विदूषक म्हणून येतो. या चित्रफितींत तो नीट कोट घातलेला, सुट्टीवर निघालेला, शेजाऱ्याशी गप्पा मारणारा माणूस आहे. दोन्ही प्रतिमा एकाच दशकातील आहेत, आणि माहितीपट त्या एकमेकींशेजारी ठेवतो तेव्हा निवेदकाने काही बोलण्याची गरज उरत नाही.

यानंतर वर्णभेदाचा विषय येतो, आणि तो समजून घेण्यासाठी माहितीपट थांबवून मूळ चित्रपटांकडे परत जाण्याची माझी शिफारस आहे. कॉटन क्लबमध्ये मंचावरचे कलावंत कृष्णवर्णीय आणि समोरचे प्रेक्षक गोरे असत. कलावंतांना प्रेक्षकांत मिसळण्याची मुभा नव्हती. निकोलस बंधू लहान होते म्हणून त्यांना गोऱ्या पाहुण्यांच्या टेबलांपाशी जाऊ दिले जाई. वय वाढले तशी ती सवलत आपोआप संपणारच होती. हॉलिवूडमध्ये हाच नियम दुसऱ्या रूपात भेटतो. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या ‘डाउन अर्जेंटाइन वे’, ‘सन व्हॅली सेरेनेड’ आणि ‘ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज’ या १९४० ते १९४२ दरम्यानच्या चित्रपटांत त्यांचे नृत्य येते, पण कथेत त्यांना जागा नाही. ही नृत्ये कथेपासून सुटी ठेवलेली असत, म्हणजे दक्षिणेकडील राज्यांतील चित्रपटगृहांना ती कापून उरलेला चित्रपट दाखवता येई आणि गोष्टीचा धागाही तुटत नसे.

हे कसे केले जाई, ते डोळ्यांनी तपासता येते. यांपैकी कोणताही चित्रपट घ्यावा आणि नृत्याच्या आधीची दोन मिनिटे आणि नंतरची दोन मिनिटे पाहावीत. दोघे भाऊ कोणत्या पात्राशी बोलतात का? नायक-नायिका आणि ते एकाच चौकटीत येतात का, की नायक-नायिका पाहताहेत असा वेगळा शॉट मध्ये घातलेला आहे? नृत्य संपल्यावर त्यांचा उल्लेख पुन्हा कोणी करतो का? कात्री कुठून आत शिरली असती आणि कुठून बाहेर पडली असती, ती दोन ठिकाणे कागदावर वेळेसह लिहून काढावीत. हा अभ्यास केल्यावर त्या नृत्यांचा वेग वेगळाच वाटू लागतो. कथेत बोलायला एक वाक्य नाही, नाव नाही, भूमिका नाही. जे काही म्हणायचे ते मोजक्या मिनिटांत, पायांनी. ‘ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज’मध्ये हॅरल्ड भिंतीवर धावत चढतात, उलटी गिरकी घेऊन स्प्लिटमध्ये उतरतात. त्या काळात स्टुडिओत निक कॅसल हे नृत्यदिग्दर्शक त्यांच्याबरोबर काम करीत, आणि अशा अचाट कल्पनांत त्यांचाही वाटा होता. हे श्रेय मान्य करूनही असे वाटते की उरलेल्या चित्रपटात बोलायला मिळाले असते तर या दोघांना प्रत्येक वेळी भिंतीवर चढावे लागले नसते.

टॅपच्या इतिहासाचा फार खोल अभ्यास माहितीपटासाठी आवश्यक नाही. गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी लोकांची नृत्ये आणि आयर्लंड-इंग्लंडकडून आलेली जिग आणि क्लॉग नृत्ये यांच्या मिश्रणातून ते घडले, आणि साउथ कॅरोलिनात गुलामांच्या १७३९ च्या बंडानंतर त्यांना ढोल वाजवण्यास कायद्याने बंदी झाली, एवढे लक्षात ठेवले तरी पायांनी वाजवण्यामागचा जुना संदर्भ हाती लागतो.

माहितीपटाचा उत्तरार्ध अनेकांना ओसरल्यासारखा वाटतो, कारण त्यात उड्या कमी आणि बोलणे जास्त असते. तो गाळू नये. भाऊ या नात्याने त्यांना समजून घ्यायचे तर तोच भाग महत्त्वाचा आहे. युद्धकाळात फयार्ड सैन्यात गेले आणि हॅरल्ड एकटे नाचू लागले. हॅरल्ड यांनी १९४२ साली अभिनेत्री डोरोथी डँड्रिज यांच्याशी लग्न केले होते. ‘सन व्हॅली सेरेनेड’मध्ये ती तिघे एकत्र नाचताना दिसतात. ते लग्न १९५१ साली संपले. पुढे युरोपात काम मिळत गेले, हॅरल्ड पॅरिसमध्ये राहिले, फयार्ड अमेरिकेत परतले, आणि १९६० च्या दशकात दोघे दूरचित्रवाणीवर पुन्हा एकत्र आले. या वर्षांबद्दल माहितीपट किती बोलतो आणि कुठे घाईने पुढे सरकतो, याची नोंद ठेवावी. ज्यांच्यावर चित्रपट केला ते स्वतः समोर बसलेले असतील, आणि निर्मितीत घरच्या माणसांचा हात असेल, तर काही जुनी दुखणी हळुवारपणे झाकली जाणे साहजिक आहे. हे दूषण म्हणून मी सांगत नाही. मात्र एखादा प्रसंग विनोदाने संपतो तेव्हा तो विनोद कोणी केला आणि दुसरा भाऊ त्या वेळी कोणीकडे पाहत होता, हे पाहावे.

तुलनेसाठी दुसऱ्या भावांची जोडी हाताशी आहे. मॉरिस आणि ग्रेगरी हाइन्स हे टॅप नर्तक भाऊ पुढच्या पिढीतले; १९८४ सालच्या ‘द कॉटन क्लब’ या चित्रपटात त्यांनी दुरावलेल्या नर्तक भावांच्याच भूमिका केल्या. मॉरिस यांच्यावरचा ‘ब्रिंग देम बॅक’ हा माहितीपट २०१९ सालचा आहे, तेव्हा ग्रेगरी यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. एका माहितीपटात दोन्ही भाऊ शेजारी आहेत, दुसऱ्यात एकच उरला आहे. दोन्ही एका आठवड्यात पाहिले तर साक्षीदार एक असणे आणि दोन असणे यांनी गोष्ट किती बदलते ते ध्यानात येते. कथकच्या अंगाने पुढे जायचे असेल, तर पंडित चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथ यांच्या ‘इंडिया जॅझ स्वीट्स’ या एकत्रित कार्यक्रमाचे चित्रीकरण पाहावे. घुंगरू आणि धातूच्या पट्ट्या एकाच मंचावर सवाल-जवाब करताना ऐकू येतात.

एखाद्या गावातील चित्रपट मंडळाला किंवा नृत्यवर्गाला हा माहितीपट चारचौघांत दाखवायचा असेल, तर काही गोष्टी आधी पाहून घ्याव्यात. प्रदर्शनाचे हक्क कोणाकडे आहेत, याची चौकशी करून रीतसर परवानगी घ्यावी. खुर्च्या अशा मांडाव्यात की पुढच्याच्या डोक्याआड पडद्याचा तळ जाणार नाही. प्रोजेक्टर असल्यास पडदा नेहमीपेक्षा हातभर वर बांधावा. कार्यक्रमपत्रिकेत लांबलचक प्रास्ताविक नसावे. ‘जंपिन जाइव्ह’ अखंड दाखवून लगेच माहितीपट सुरू करावा, आणि चर्चेसाठी वेळ शेवटी ठेवावा. चर्चेत पहिला प्रश्न ‘कसे वाटले’ असा विचारू नये, कारण त्याला ‘अप्रतिम’ याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी कोणीतरी पुढे येऊन फयार्ड यांच्या हाताची एक हालचाल करून दाखवावी, असे सुचवावे. सभागृहात कथक किंवा लावणी करणारे कोणी असले तर हा प्रश्न चांगलाच रंगतो.

चर्चेनंतर वेळ उरला तर १९४८ सालच्या ‘द पायरेट’मधील ‘बी अ क्लाउन’ हे नृत्य दाखवावे. त्यात दोघे भाऊ चित्रपटाचे नायक जीन केली यांच्याबरोबर एकाच चौकटीत, खांद्याला खांदा लावून नाचतात. गोरा नायक आणि ते यांच्यामध्ये कात्रीला जागा ठेवलेली नाही, त्यामुळे दक्षिणेतील काही शहरांत ते नृत्य पूर्णच काढून टाकले गेले. हॉलिवूडच्या संगीतपटात दोघांनी एकत्र केलेले ते शेवटचे काम. फयार्ड तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते आणि हॅरल्ड सत्तावीस.